'कोणाचा रे तू?' ते 'ओटीपी सांग' : परत विचारण्याच्या हक्काचा इतिहास



हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गोरेगाव हे आमचे गाव. प्रवेशाचे दिवस होते. आमच्या भागातल्याच एका सेवा केंद्रात मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे सत्तरीच्या घरातले एक बाबा आणि त्यांची नात. नातीला जातीचा दाखला काढायचा होता. संगणकावर बसलेला पोरगा बाबांच्या नातवाच्या वयाचा. तो म्हणाला, "ए बाबा, अंगठा ठेव. नीट ठेव ना, सरकवू नको." मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "जात काय टाकायची? महार का नवबौद्ध?" दहा-बारा माना वळल्या. पोरीने मान खाली घातली. मग बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला. "ओटीपी सांग." बाबांना वाचता येईना, म्हणून त्या पोराने मोबाईल हातातून घेतला आणि आकडे स्वतःच मोठ्याने वाचले. शेवटी म्हणाला, "बाकीची कागदं माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाक." आधार कार्ड, शाळेचा दाखला, रेशन कार्ड, सगळे त्याच्या खासगी नंबरवर गेले. निघताना बाबा त्याला हात जोडून म्हणाले, "बरं मालक."

पाच मिनिटांचा हा प्रकार. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारले नाही. तरी त्या पाच मिनिटांत आपला शंभर वर्षांचा इतिहास बसला होता. आणि मी, सभेत माईक हातात आला की तासभर बोलणारा, तिथे गप्प उभा होतो. हा लेख त्या गप्प राहण्याची भरपाई म्हणून लिहितो आहे.

आपल्याकडे आदराची भाषा हा एक विषय मानला जातो आणि मोबाईलवरचा खासगीपणा हा दुसरा. पहिला संस्कारांचा, दुसरा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा. माझे म्हणणे असे आहे की आपल्यासाठी हे दोन विषय नाहीतच. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जो मला विचारतो, त्याला मी उलट विचारू शकतो का?

'तू' वाईट नाही, एकतर्फी 'तू' वाईट

आधी एक गैरसमज दूर करू. मराठीत 'तू' ही शिवी नाही. आपण आईला 'तू' म्हणतो, मित्राला 'तू' म्हणतो, वारकरी विठ्ठलाला 'तू' म्हणतो. ज्याला मी उलट 'तू' म्हणू शकतो, त्याचा 'तू' गोड लागतो. पण ज्याचा 'तू' मला परत करता येत नाही, तो 'तू' म्हणजे सत्ता.

गावगाड्याची भाषा अशाच एकतर्फी शब्दांवर उभी होती. पाटलाचे बारा वर्षांचे पोर आमच्या साठ वर्षांच्या आजोबांना अरे-तुरे करायचे आणि आजोबा त्या पोराला 'मालक' म्हणायचे. किसनचा किसन्या, रामाचा राम्या. वय, अनुभव, शहाणपण यांचा काहीच हिशेब नाही. हिशेब एकाच गोष्टीचा : जन्म कुठे झाला. पूर्वी तर नावातच जात शिवलेली असायची. महार पुरुषांच्या नावांना 'नाक' हा प्रत्यय लागत असे. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावरची नावे वाचा, तिथेही तो दिसतो. नाव सांगितले की जात आपोआप सांगितली गेली. वेगळे विचारायची गरजच नव्हती.

अभिवादनाचेही तेच. आम्ही वाकून 'जोहार' घालायचा आणि समोरच्याने तो फक्त घ्यायचा. उलट जोहार कधी येत नसे.

यातला एक विरोधाभास फारसा कुणी पाहत नाही. तार, टेलिफोन, मोबाईल यांच्या आधी गावाचे दळणवळण कुणाच्या पायांवर चालत होते? महाराच्या. सांगावा घेऊन दुसऱ्या गावी जाणे, मयताची बातमी पाहुण्यांपर्यंत पोहोचवणे, सरकारी कागद व पैसा नेणे, हद्दीच्या वादात साक्ष देणे ही त्याची वतनी कामे. म्हणजे अख्ख्या गावाची खासगी माहिती ज्याच्या विश्वासावर फिरत होती, त्याला स्वतःचे खासगीपण नव्हते. त्याच्या घरात कधीही हाक मारायची, त्याच्या ताटात काय आहे ते बघायचे, त्याच्या अंगावर नवे कापड दिसले तर जाब विचारायचा. वाड्याला भिंती होत्या. वस्तीला भिंत असली तरी तिला मान नव्हता.

'जय भीम' हे क्रांतिकारक का आहे?

आमचा भाग त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोरेगाव परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. संस्थानात सभा घेणे अवघड, चळवळ करणे त्याहून अवघड. अशा काळात ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. यापुढे एकमेकांना 'जय भीम' म्हणायचे, हे आवाहन याच परिषदेत झाले, असे मराठवाड्याच्या चळवळीत सांगितले जाते. या अभिवादनाचे जनक म्हणून कामठीचे बाबू हरदास यांचे नाव आपण आदराने घेतो.

'जय भीम' मध्ये बाबासाहेबांचे नाव आहे हे तर खरेच. पण त्याची रचना पाहा. एक जण म्हणतो 'जय भीम', दुसरा म्हणतो 'जय भीम'. शब्द तोच, उंची तीच. कलेक्टर असो की शेतमजूर, सासरा असो की सून, उत्तरात तोच शब्द परत येतो. जोहार खालून वर जायचा, जय भीम समोरासमोर जातो. एकतर्फी भाषेला आपल्या माणसांनी दिलेले ते पहिले रोजचे उत्तर होते. त्याला पैसा लागला नाही, कायदा लागला नाही, फक्त मान ताठ ठेवावी लागली. आणि ती ठेवल्याबद्दल किती जणांनी मार खाल्ला, हे प्रत्येक वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

बाबासाहेब आणि ओळखले जाण्याचा प्रश्न

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. खासगीपणा, म्हणजे माझ्याबद्दल कोणाला काय कळावे हे मी ठरवणे. हा विषय बाबासाहेबांच्या आयुष्यात किती खोल रुतला होता, ते तीन प्रसंगांतून दिसते.

पहिला, १९१७ चा बडोदा. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव लावून वहीत नोंद करावी लागली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिथे जात लपवणे ही त्यांची हौस नव्हती. डोक्यावर छप्पर मिळवण्याची ती किंमत होती.

दुसरा, महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर दोन दिवसांनी बाबासाहेब महिलांशी बोलले, ते मात्र आपण विसरतो. त्यांनी बायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले, कथला-चांदीच्या जड दागिन्यांचे ओझे टाकायला सांगितले. का? तर अस्पृश्यता कपाळावर लिहिलेली नसते, पण पेहरावावरून आणि चालीरीतींवरून ती लांबून ओळखली जाते, हा त्यांचा मुद्दा होता. काही लोकांना हा उच्चवर्णीयांचे अनुकरण करण्याचा सल्ला वाटतो. मला तो खासगीपणाचा धडा वाटतो. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही माझी जात माझ्या परवानगीशिवाय वाचता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा, १९३४, आपल्या मराठवाड्यातला, दौलताबादचा किल्ला. तीसेक कार्यकर्त्यांसह बाबासाहेब किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ होती म्हणून काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. कुणीतरी त्यांना ओळखले आणि 'यांनी हौद बाटवला' म्हणून आरडाओरड सुरू झाली. शेवटी पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. माहिती कळली आणि माणसाचा दर्जा क्षणात बदलला.

हे तिन्ही प्रसंग एकत्र ठेवा. दिसून येते ते असे की जात ही अशी माहिती आहे जी आमच्याकडून काढून घेतली जाते आणि मग आमच्याविरुद्ध वापरली जाते. त्यामुळे खासगीपणा हा आपल्यासाठी श्रीमंतांचा चोचला नाही. तो पाण्याचा, छपराचा, जिवाचा प्रश्न आहे.

'मग जात लपवायची का?'

इथे आपलेच काही तरुण मला अडवतील. म्हणतील, "दादा, लपवायचे दिवस गेले. आम्ही गाडीवर निळा झेंडा लावतो, स्टेटसला बाबासाहेब ठेवतो. लपवणे म्हणजे लाज."

मला तुमचा अभिमान मान्य आहे. पण दोन गोष्टींत फरक करा. मी स्वतःहून सांगणे आणि दुसऱ्याने माझ्याकडून काढून घेणे. अभिमान हा पहिल्या गोष्टीत आहे. शिर्डीत मे २०१५ मध्ये आपल्या एका तरुण विद्यार्थ्याचा खून झाला. कारण काय होते? त्याच्या मोबाईलची रिंगटोन. बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि ती काहींना सहन झाली नाही. त्याने काहीही लपवले नव्हते. खिशातल्या मोबाईलने त्याची ओळख अभिमानाने सांगितली आणि त्यासाठी त्याला जीव द्यावा लागला. म्हणून मी म्हणतो, सांगण्याचा हक्क आणि न सांगण्याचा हक्क एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. सांगितल्यावर जिवंत राहण्याची हमी नसेल तर सांगण्याचे स्वातंत्र्य अर्धेच आहे. आणि न सांगण्याची मुभा नसेल तर ते स्वातंत्र्य नसून हजेरी आहे.

आजचा जातीचा प्रश्न सरळ येतही नाही. "आडनाव काय?" "मूळ गाव कोणतं?" "तुमच्यात पाहुणे कोण?" "कोणत्या समाजाचे?" शहरात खोली भाड्याने घेताना हे चार प्रश्न कुणाला चुकले आहेत? शब्द गुळगुळीत झाले. महार म्हणायचे नाही म्हणून 'जयभीमवाले' म्हणायचे, आरक्षण म्हणायचे नाही म्हणून 'कोट्यातला' म्हणायचे. आपले अभिवादनच आपल्यावर शिक्का म्हणून मारायचे! कॉलेजात तर आडनावाचीही गरज उरली नाही, प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारला की झाले. मुंबईच्या आयआयटीला २०२३ मध्ये सूचना काढावी लागली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेचा क्रमांक विचारू नये, कारण त्यातून जात उघड होऊ शकते. देशातल्या सर्वात हुशार म्हणवणाऱ्या पोरांसाठी ही सूचना!

नाव कोण ठेवणार?

आदराच्या भाषेतली सगळ्यात मोठी लढाई नावाची झाली. १९३२-३३ मध्ये गांधीजींनी 'हरिजन' हा शब्द रूढ केला. हेतू चांगला होता असे म्हणू. पण ज्यांना नाव दिले त्यांना विचारले होते का? जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्याच्या दुरुस्तीत हा शब्द घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! कारण शब्द कितीही गोड असला तरी तो वरून आलेला होता. पुढे केंद्र सरकारलाच १९८२ मध्ये 'हरिजन' शब्द सरकारी व्यवहारात वापरू नये असे कळवावे लागले.

मराठवाड्याला नावाची किंमत कुणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंसारख्यांनी जीव गमावला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षे! विद्यापीठाच्या दारावरचे एक नाव, आणि त्यासाठी सोळा वर्षे.

मग वस्त्यांची पाळी आली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा, ढोरवस्ती अशी वस्त्यांची व रस्त्यांची जातीवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. निर्णय चांगला. पण कागदावर नाव बदलले तरी जुने नाव कुठे कुठे शिल्लक राहते, ते आता तपासा. मोबाईलमधल्या नकाशात. पार्सल आणणाऱ्याच्या तोंडी. मतदार यादीच्या जुन्या पत्त्यात. आणि लोकांच्या फोनबुकात!

फोनबुकाची गोष्ट मजेशीर आहे आणि भयंकरही. लोक नंबर कसे साठवतात? 'रवी गवंडी', 'संतोष इलेक्ट्रिक', आणि आपला माणूस असेल तर काही महाभाग नावापुढे जातही टाकतात. अनोळखी फोन कुणाचा ते दाखवणारी अ‍ॅप लोकांच्या फोनबुकातली नावे गोळा करूनच चालतात. म्हणजे गावातल्या कुणीतरी चार शब्दांत जे साठवले, तेच तुम्ही पुण्यात नोकरीसाठी फोन लावता तेव्हा समोरच्या पडद्यावर उमटू शकते. बाबासाहेबांनी महाडला अंगावरच्या खुणा काढायला सांगितल्या होत्या. ही नवी खूण आपल्या अंगावर नाही, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये आहे. ती आपल्याला दिसत नाही, काढताही येत नाही.

रकाना : हक्काचा आणि धोक्याचा

जात सांगावी लागते अशीही एक जागा आहे आणि तिथे आपण ती ठणकावून सांगितली पाहिजे. ती जागा म्हणजे हक्काची नोंद.

आपण आणि नोंदीचा रकाना यांचे नाते जुने आहे. हैदराबाद संस्थानात भाग्यरेड्डी वर्मा यांच्या चळवळीमुळे १९३१ च्या जनगणनेत 'आदि-हिंदू' ही नोंद झाली. आम्हाला काय म्हणायचे ते आम्ही सांगू, हाच त्या मागणीचा अर्थ होता. १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि नवा पेच उभा राहिला. 'बौद्ध' लिहिले तर सवलती जायच्या, जुनी जात लिहिली तर दीक्षेचा अर्थ जायचा. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे आपल्या आई-बापांनी एका रकान्यापुढे उभे राहून विचार केला की काय लिहावे. त्या बाबांना "महार का नवबौद्ध?" असे ओरडून विचारणाऱ्या पोराला या चौतीस वर्षांची कल्पनाही नसणार.

नोंदीचे मोल आज इतरांनाही कळले आहे. २०२३ पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातले निजामकालीन कागद शोधले गेले, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या एका शब्दावर आजचा दाखला अवलंबून आहे. ज्या रकान्याने आपल्याला गावाबाहेर ठेवले, त्याच रकान्यावर आपण संविधानाने हक्क उभा केला. म्हणून जातनिहाय जनगणनेची मागणी रास्त होती आणि ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने ती मान्य केली. २०२७ ची जनगणना मोबाईल अ‍ॅपवर होणार आहे आणि त्यात स्वतः माहिती भरण्याची सोयही ठेवली आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे व्यक्तीची नोंद कुणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

मग नियम काय? हक्कासाठी, कायद्याने ठरलेल्या ठिकाणी, हळू आवाजात विचारलेल्या प्रश्नाला आपण छातीठोकपणे उत्तर देऊ. पण ते उत्तर भिंतीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि झेरॉक्सच्या दुकानात लटकता कामा नये. आणि जिथे हक्काचा संबंध नाही तिथे रकानाच नको. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगातल्या कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितले, ते याच तत्त्वावर. तिथे रकाना हक्क देण्यासाठी नव्हता, संडास कुणी साफ करायचे हे ठरवण्यासाठी होता.

कायदा कुठे पोहोचला, कुठे अडला

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये माहिती संरक्षणाचा मसुदा दिला. त्यात जात आणि जमात ही 'संवेदनशील माहिती' म्हणून वेगळी काढली होती, म्हणजे तिला जादा संरक्षण. २०१९ च्या विधेयकातही ते होते. पण ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात संवेदनशील माहिती हा वर्गच उरला नाही. तुमची जात आणि तुमचा ई-मेल पत्ता आता एकाच तराजूत! किती आंबेडकरी संघटनांनी यावर मोर्चा काढला? मी तरी काढला नाही. आपल्याला वाटले, हा आपला विषय नाही.

याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्येही बदल केला. वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी त्याच कलमात सार्वजनिक हिताचा विचार करावा लागे, ती अट तिथून काढली. आता माझी कसोटी लावून पाहा. आपली माहिती सरकारला आणि कंपन्यांना पाहणे सोपे, त्यांची माहिती आपण मागणे अवघड. उलट विचारता येत नाही. कायद्याच्या भाषेत लिहिलेला हा एकतर्फी 'तू'च आहे.

संबोधनाच्या बाजूने आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) प्रमाणे लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी जातीवरून अपमान करणे, जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द महत्त्वाचे. हितेश वर्मा खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना घडले तर ही कलमे लागत नाहीत. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओतला अपमानही लोकांसमोरचाच मानला. कोर्टाची पायरी चढण्याआधी हे बारकावे माहीत असावेत. सेवा केंद्रातला तो पोरगा गुन्हेगार होता असे मी म्हणत नाही. त्याच्या तोंडात गावगाडा होता, त्याच्या हातात संगणक होता. प्रत्येक उर्मटपणाला कलम नसते. पण प्रत्येक उर्मटपणाला उत्तर असले पाहिजे.

आपल्या स्वतःच्या मोबाईलकडे पाहू

इतरांना बोललो, आता आपल्याला बोलतो. आपल्या ग्रुपवर अत्याचाराची बातमी आली की आपण काय करतो? पीडित मुलीचे नाव, गाव, फोटो, एफआयआरची प्रत, सगळे पुढे ढकलतो. संताप खरा असतो. पण बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, पीडिता अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्यानेही. कायदा बाजूला ठेवा. त्या पोरीने उद्या कॉलेजात जायचे आहे. २००६ मध्ये खैरलांजीनंतर मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्यामुळे झोपलेली व्यवस्था हलली हे मी नाकारत नाही. पण आपल्या मायबहिणींच्या देहांना मेल्यावरही खासगीपण मिळाले नाही, हेही तितकेच खरे. न्यायासाठी पुरावा लागतो. तो वकिलाकडे, पोलिसांकडे, आयोगाकडे द्यायचा असतो. चारशे जणांच्या ग्रुपवर नाही.

आणि भाषा? विरोधकाच्या पोस्टखाली आपले तरुण जे लिहितात, त्यात आई-बहीण किती वेळा येते ते मोजा. समोरची बाई असेल तर तिच्या चारित्र्यावर घसरणे. हे बुद्ध-फुले-आंबेडकरांच्या कुठल्या पानावर लिहिले आहे? कॉलनीत सफाईला येणाऱ्या माणसाला आपण काय हाक मारतो? रिक्षावाल्याला, हॉटेलातल्या पोऱ्याला? आपल्याला मिळालेला एकतर्फी 'तू' आपण खाली ढकलला, तर मनूने आपल्याला जिंकले असे समजा.

काय करायचे

थोडक्यात चार गोष्टी सांगतो.

एक, अनोळखी वडीलधाऱ्याला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, 'तुम्ही' म्हणायचे. आणि आपल्या वडीलधाऱ्याला कुणी अरे-तुरे केले तर आवाज न चढवता तिथल्या तिथे सांगायचे : "दादा, त्यांना तुम्ही म्हणा."

दोन, कागद देताना काळजी. आधारची गरज असेल तर पहिले आकडे झाकलेली प्रत द्यायची. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची. दुसऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावीच लागली तर काम झाल्यावर समोर बसून खोडायला लावायची. ओटीपी स्वतः टाकायचा. म्हाताऱ्या माणसांसोबत वस्तीतला एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी पाठवायची. ही समाजसेवा जयंतीच्या डीजेपेक्षा स्वस्त आहे.

तीन, वस्तीचे नाव ग्रामसभेच्या ठरावात, पाटीवर आणि मोबाईलच्या नकाशात, तिन्ही ठिकाणी बदलले का ते पाहायचे. नकाशात दुरुस्ती सुचवता येते, पाच मिनिटांचे काम आहे.

चार, आपल्या प्रत्येक ग्रुपचा नियम : पीडितेचे नाव नाही, फोटो नाही, शिवी नाही.

परवा त्याच केंद्रात पुन्हा जाणे झाले. एक मावशी खुर्चीपुढे उभ्या होत्या. तोच पोरगा, तोच प्रश्न, "जात काय टाकायची?" या वेळी मी पुढे झालो. म्हणालो, "दादा, मावशींना बसायला द्या आणि कागदावर लिहिलंय ते वाचा, ओरडून विचारू नका. तुमची जात मी आत्ता सगळ्यांसमोर विचारली तर चालेल का?" तो क्षणभर गोंधळला. रांग शांत झाली. मग त्याने बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा मावशी."

मोठी क्रांती झाली नाही. पण प्रश्न उलटा फिरला आणि भाषा बदलली. 'कोणाचा रे तू?' असे विचारणाऱ्या प्रत्येकाला, मग तो माणूस असो, कंपनी असो की सरकार, आपण एवढेच म्हणायला शिकलो पाहिजे : आधी तुम्ही सांगा, तुम्ही कोण आणि हे कशासाठी विचारता?

जय भीम.